त्रेचाळीस नंबरची चिठ्ठी

१

शेवटच्या साध्या दिवशी आई लेकीच्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवत बसली होती. दाभण आत-बाहेर करताना तिचे ओठ हलायचे, जणू सुईला समजावून समजावून ती पलीकडे पाठवते आहे. लेक म्हणाली, टाकून दे, नवी घेते. त्यावर आई मान वर न करता म्हणाली, "शिवून भागतंय तोवर टाकायचं नाही. तुझ्या बापाला मी बावीस वर्षं याच तत्त्वावर चालवला."

बाप जाऊन सात वर्षं झाली होती आणि हा विनोद निदान सत्तर वेळा झाला होता. तरी दोघी हसल्या.

आई शहराच्या मदतवाहिनीची प्रमुख होती. कुणी स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, कुणी पुलाच्या कठड्यावर जाऊन बसलं, कुणाला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले, की तिथे फोन यायचा. टेबलावरचं माणूस बोलत बोलत पत्ता काढायचं आणि शेजारची घंटा दाबायचं. घंटा वाजली की खालून गाडी निघायची. गाडीत तिघं : एक समुपदेशक आणि साध्या कपड्यांतले दोन पोलीस. समुपदेशकानं पुढे व्हायचं, पोलिसांनी मागे थांबायचं, आणि पोलिसांनी पाऊल कधी टाकायचं ते केंद्रात कानाला फोन लावून बसलेल्या आईनं सांगायचं. चौदा वर्षं ती ते सांगत आली होती. हाताखालची माणसं तिला नुसतं 'बाई' म्हणत.

तीन आठवड्यांपूर्वी पाण्याच्या टाकीवर चढलेला एक शिंपी तिच्या देखरेखीखाली गेला. पुढे होऊ का, म्हणून गाडीतल्या फौजदारानं फोनवर तीनदा विचारलं. दोनदा आई 'थांबा' म्हणाली, तिसऱ्यांदा 'जा'. शिंप्याला फौजदार दिसला आणि पुढचं सावरायला कुणालाच वेळ मिळाला नाही. अहवालात आईनं एकच ओळ लिहिली : निर्णय माझा. तेव्हापासून तिची झोप उडाली. जेवताना घास हातात धरून ती विसरून जायची.

त्या सकाळी मात्र ती ताजी दिसत होती. दोन टोस्ट खाल्ले, तिसरा मागितला. लेकीला हायसं वाटलं आणि त्याच वेळी कुठेतरी काहीतरी खुपलं. ती कोर्टात लघुलेखिका होती. साक्षीदार बोलेल ते टिपायचं आणि त्यात पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हे तिचं काम. ऐकायला आणि पाहायला ती पक्की होती. गेले तीन आठवडे तिनं सगळं पाहिलं होतं. विचारावं, असं अगदी जिभेवर आलं. पण विचारणं हा आईचा धंदा. सुताराच्या घरात आपण रंधा कशाला उचलायचा, असं मनाशी म्हणत तिनं चप्पल पायात घातली आणि निघाली.

संध्याकाळी सहाला ती परतली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये किटली आणि तीन कप. किटलीतला चहा गार झाला होता, कप कोरडे होते. कुणी पाहुणे यायचे असतील आणि आई त्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेली असेल, असं समजून तिनं दार तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शहराबाहेरच्या तळ्यात सापडली.

२

पोलिसांनी पाय घसरला असं लिहिलं. मामाला ते पटलं, किंवा पटवून घ्यायचं ठरवून तो आला होता. तो दहा दिवस राहिला, भाचीला दोन वेळा जेवायला बसवलं, आणि जाताना एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली. माणूस गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच राख उकरू नकोस, विस्तव निघाला तर तुझाच हात पोळेल.

तिला विस्तवाची भीती नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाकेला ओ देणाऱ्या बाईनं स्वतः कुणाला हाक मारली होती का? मारली नसेल तर आपल्याला एवढंही कधी कळलं नाही, हे घेऊन जगायचं. मारली असेल तर ओ कुणी दिली नाही?

मामा गेला त्या दुपारी तिनं आईचं कपाट उघडलं. सुती साड्यांच्या खाली, हातरुमालात गुंडाळलेला एक जुना, बटणांचा फोन होता. तिनं तो कधी पाहिला नव्हता. चार्ज केल्यावर त्यात सतरा फोन निघाले, सगळे एकाच नंबरला. नंबर मदतवाहिनीचा होता. शेवटचा फोन चपलेचा पट्टा शिवला त्याच मंगळवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. एकोणीस मिनिटं.

म्हणजे हाक मारली होती. लेक जमिनीवर बसली.

मग तिनं केंद्रात फोन लावला. तिथे आईची दुय्यम आता प्रमुखाच्या खुर्चीत होती. सगळे तिला 'धाकट्या बाई' म्हणत. त्यांनी शांतपणे नोंदवही पाहिली, दोनदा पाहिली, आणि सांगितलं की त्या दुपारी त्या वेळेला केंद्रात असा कुठलाही फोन आलेला नाही.

३

केंद्र पोलीस चौकीच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी रंगवलेलं होतं, 'सावकाश'. ते चढणाऱ्यांसाठी की उतरणाऱ्यांसाठी, हे आईलाही कधी कळलं नव्हतं.

धाकट्या बाईंनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ठेवलं. प्रत्येक फोनची एक चिठ्ठी, वर छापील नंबर, खाली वेळ, पत्ता, बोलणं. त्या मंगळवारी बेचाळीस नंबरची चिठ्ठी तीन वाजून पाच मिनिटांची होती, पुढची चार वाजून पाचची. लेकीनं त्या दोन चिठ्ठ्यांमध्ये बोट ठेवलं. पुढच्या चिठ्ठीवर नंबर होता चव्वेचाळीस.

धाकट्या बाई म्हणाल्या, चहा सांडतो, रेघ चुकते, चिठ्ठी फाडली जाते, त्यात काय. कोर्टात साक्षीच्या कागदांतलं एक पान गळलं तर न्यायाधीश जेवणाची सुट्टी रद्द करतात. पान आपोआप गळत नाही.

तिनं दुसरंच विचारलं. असा वाईट प्रसंग झाला की त्या प्रसंगातल्या माणसाला तीन दिवसांच्या आत समोर बसवून बोलतं करायचं, हा आईचाच नियम होता. सगळ्यांना आई बसवायची. टाकीच्या प्रसंगानंतर आईला कुणी बसवलं?

धाकट्या बाईंनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. फॉर्म फायलीत होता. बैठक झाली, अशी खूण होती आणि खाली त्यांची सही.

"किती वेळ बसलात?" लेकीनं विचारलं.

"बसले नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. "केबिनच्या दारापर्यंत गेले. त्या मान खाली घालून लिहीत होत्या. मी काय विचारणार त्यांना? मला विचारायला त्यांनीच शिकवलं. मी टेबलावर येऊन खूण केली."

मग त्या एकदम घाईनं म्हणाल्या की चिठ्ठीशी आपला काही संबंध नाही. ते पॅड हातात घेऊन एकटंच बसलेलं एक माणूस त्यांनी त्या संध्याकाळी पाहिलं होतं, आणि ते केंद्रातलं नव्हतं. तो फौजदार होता.

४

फौजदार खाली चौकीच्या मागच्या खोलीत गुडघ्याला तेल चोळत बसला होता. गेली सहा वर्षं तो गाडीबरोबर जात असे. आई त्याच्याबद्दल म्हणायची, माणूस फणसासारखा आहे, पण कापायला फार वेळ लागतो. त्यानं लेकीला खुर्ची दिली आणि गुडघ्यावर विनोद केला, की हा गुडघा गुन्हेगारापेक्षा चिवट आहे, कबुलीच देत नाही.

चिठ्ठीचं विचारल्यावर विनोद संपला.

हो, पॅड हातात घेतलं होतं. साडेसहाला वर गेलो होतो, बाईंना भेटायला. त्या सुट्टीवर आहेत हे ठाऊक नव्हतं. हात रिकामे राहवेनात म्हणून समोर दिसलं ते उचललं. त्रेचाळीस तेव्हाच नव्हती. पोलिसाची नजर आहे, फाटलेल्या कडेकडे गेली. कड सरळ होती, पट्टी लावून फाडलेली.

"चोर पट्टी लावून फाडत नाही," तो म्हणाला.

लेकीनं ते वाक्य वहीत टिपलं. मग विचारलं, की बाईंना भेटायचं कशासाठी होतं. तो गप्प. ती पेन्सिल धरून थांबली. समोरचा गप्प असताना आपण थांबायचं, एवढं कोर्टानं तिला शिकवलं होतं.

शेवटी तो बोलला, भिंतीकडे पाहून. टाकीवर तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा पाय आधीच वरच्या पायरीवर पडला होता. शिंप्यानं त्याला पाहिलंही होतं. बाईंचा 'जा' त्यानंतर आला. त्या शब्दानं काहीच घडलं नव्हतं. अहवालात बाईंनी 'निर्णय माझा' लिहिलं, तो वाचून त्यानं खाली सही केली. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. त्या मंगळवारी धीर झाला आणि जिना चढला.

लेकीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तीन आठवडे आई ज्या एका शब्दाखाली चिरडली जात होती, तो शब्द उशिरा पोचलेला होता आणि हे या माणसाला ठाऊक होतं.

जाताना त्यानं सांगितलं, उद्या वरिष्ठांची चौकशी बसते आहे. चिठ्ठी नाहीशी करणाऱ्याची नोकरी जाईल, पुढे खटलाही होईल. तिला नाव सापडलं तर तिनं आज संध्याकाळपर्यंत त्याला सांगावं. तो स्वतःचंही लिहून देणार होता, पण आधी ते नाव लिहायला त्याला बरं वाटलं असतं.

५

त्या मंगळवारी दुपारच्या पाळीला टेबलावर दोघं होती. एक 'लाउडस्पीकर', ज्याची कुजबुज तळमजल्यावरच्या कोठडीतही ऐकू जायची, आणि दुसरी 'सायलेन्सर', जी इतकी हळू बोलायची की फोनवरची भांडकुदळ माणसंही तिचं ऐकण्यासाठी गप्प व्हायची. दोन्ही नावं त्यांनी एकमेकांना ठेवली होती. सायलेन्सर चार दिवसांपासून रजेवर होती. लाउडस्पीकर हजर होता आणि त्या दिवशी त्याचा आवाजही बसलेला होता. त्यानं सांगितलं की तीन पाचपासून तीन पन्नासपर्यंत तो एका कोंडून घेतलेल्या विद्यार्थ्याशी बोलत होता. बेचाळीस नंबरची चिठ्ठी त्याचीच. शेजारी काय चाललं होतं, ते त्यानं पाहिलं नाही.

लेकीनं त्याच्याकडून मागच्या आठ महिन्यांची पॅडं मागून घेतली आणि खिडकीपाशी बसली. एका बाजूला पॅडं, दुसऱ्या बाजूला आईचा बटणांचा फोन.

दर महिन्याला दोन चिठ्ठ्या गळलेल्या होत्या. प्रत्येकीची कड सरळ, पट्टी लावून फाडलेली. फोनमधल्या सतरा तारखा तिनं एकेक करून लावून पाहिल्या. आधीच्या सोळांपैकी एकही चुकली नाही. त्या प्रत्येक दुपारी आई घरी होती, आणि त्या प्रत्येक दुपारी आईनंच केंद्राला फोन केला होता.

आठ महिने? आई आठ महिने स्वतःच्याच माणसांपाशी रडत होती, आणि कुणीतरी दर वेळी पट्टी लावून ते रडणं फाडून टाकत होतं?

मग तिनं गाडीची वही मागवली. त्या सोळा दुपारी गाडी जागची हलली नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षांत मात्र महिन्यातून दोनदा गाडी निघून अर्ध्या वाटेतून परतलेली होती आणि पुढे लाल शाईत शेरा होता : चाचणी.

ती उठली आणि लाउडस्पीकरसमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्याला प्रश्न विचारला नाही. जे समजलं ते सांगितलं, आणि चुकत असेल तर थांबव, म्हणाली. त्यानं तिला कुठेच थांबवलं नाही.

६

आईचं हे काम लेकीला ठाऊक नव्हतं, कारण ते गुपितच असायला हवं होतं. टेबलावरची माणसं नीट बोलतात का हे पाहायला आई स्वतःच, आवाज बदलून, दुःखी माणूस बनून फोन करायची. कधी नापास झालेला मुलगा, कधी टाकून दिलेली बायको. शेवटी आपल्या आवाजात म्हणायची, थांब, चाचणी होती, आणि दहापैकी मार्क द्यायची. पण चाचणीतही घंटा वाजायची, गाडी निघायची. वर्षभरापूर्वी पोलिसांनी तक्रार केली, की खोट्या फोनापायी गाडी पळते. वरून लेखी हुकूम आला : चाचण्या बंद.

आई काही महिने थांबली. मग एक नवा टेबलवाला पत्ता न विचारताच फोन ठेवताना सापडला आणि तिनं कुणाला न सांगता चाचण्या पुन्हा सुरू केल्या.

"बाईंचा आवाज आम्हाला ओळखू यायचा," लाउडस्पीकर म्हणाला. "कितीही बदलला तरी. गाडी निघाली तर बाई अडकणार. म्हणून बाईंचा फोन असला की आम्ही घंटा दाबायचो नाही. बाकी सगळं अगदी नियमानं. चिठ्ठी लिहायची, पट्टीनं फाडायची, त्यांच्या बंद खणाच्या फटीतून आत सरकवायची. बाईंना वाटायचं, आम्ही घंटा दाबायच्या आतच त्या 'थांब' म्हणतात, म्हणून गाडी निघत नाही. ओळखतो, हे त्यांना कधी कळू दिलं नाही."

आईच्या खणाची किल्ली लेकीकडेच होती. खणात चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर आईच्या हस्ताक्षरात मार्क. दहा, दहा, साडेनऊ, दहा. सगळ्यांत वर त्रेचाळीस. मार्कांची जागा कोरी.

चिठ्ठी कुणी चोरलीच नव्हती. ती जिथे जायची तिथेच गेली होती. मालकीण तेवढी परत आली नाही.

लेकीनं ती वाचली. हस्ताक्षर बारीक, रेघेत. आधीच्या सोळा चिठ्ठ्यांवर पत्ते होते ते खोटे, नसलेल्या गल्ल्यांचे. त्रेचाळीसवर त्यांच्या स्वतःच्या घराचा पत्ता होता.

ती उभीच होती ती खुर्चीवर बसली. लोटलेलं दार तिला आता कळलं, आणि ते तीन कपही. गाडीत तिघं असतात. आईनं पत्ता दिला होता, दार उघडं ठेवलं होतं आणि येणाऱ्या माणसांसाठी चहा टाकला होता. केंद्रापासून घर नऊ मिनिटांवर. चहा गार होईपर्यंत तिनं वाट पाहिली असेल.

७

फौजदारासाठी नाव तयार होतं. बेचाळीस लाउडस्पीकरची, त्याच वेळी चालू असलेली, म्हणजे त्रेचाळीस दुसऱ्या खुर्चीतली. त्या नावापर्यंत पोचायला कुणा हुशाराची गरजच नव्हती. फोन आलाच नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं एवढंच.

नाव देण्याआधी तिला ते एकोणीस मिनिटांचं बोलणं हवं होतं, शब्दन् शब्द. ती वही घेऊन निघाली. वाटेत तिच्या मनात दया नव्हती.

सायलेन्सर एका लाँड्रीच्या वर भाड्यानं राहायची. लाँड्रीवाली इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, वरच आहे, जा. गुणी पोर. आज सकाळी स्वतःचा पंखा मला देऊन गेली, म्हणे आता लागायचा नाही. मांजर काल समोरच्यांना दिली. गावी परत जातेय वाटतं.

खोली झाडून-पुसून लख्ख होती. पलंगावर घडी केलेली पांघरुणं, खिडकीत रिकामी कुंडी. सायलेन्सर तिशीची होती. तिनं लेकीला ओळखलं, खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. रडली नाही, हात जोडले नाहीत. तुम्ही याल असं वाटलंच होतं, म्हणाली. मग एखादा धडा म्हणावा तशी सांगत गेली आणि लेक लघुलिपीत टिपत गेली.

आवाज बाईंचाच होता, या वेळी बदललेलाही नव्हता. नेहमीपेक्षा अवघड परीक्षा आहे, असं तिला वाटलं. घरचा पत्ता ऐकल्यावर तर खात्रीच झाली, की आज बाईंना तिला गोंधळात पाडायचं आहे. ती गोंधळली नाही. घाई केली नाही, उपदेश केला नाही. शेवटी बाईंनीच शिकवलेला प्रश्न विचारला, आडून नाही, सरळ. तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?

"बाई हो म्हणाल्या," सायलेन्सर सांगत होती. "मग म्हणाल्या, आज सकाळपासून वाटतंय, कुणीतरी विचारावं. विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं. मी म्हटलं, घरी कोण आहे? तर म्हणाल्या, मुलगी आहे. तिला सगळं दिसतं. विचारत नाही ती. सांभाळून घेते मला, बिचारी."

पेन्सिल थांबली, पुन्हा चालू लागली.

"मी म्हटलं, आमची माणसं येतायत, दार उघडं ठेवा, मी फोनवरच आहे. नियमात आहे तसं. त्या म्हणाल्या, बरं झालं, मी चहा टाकते, आणि फोन ठेवला. 'थांब, चाचणी' म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या. घंटा माझ्या कोपराजवळ होती. पाळी संपेपर्यंत मी मार्कांची वाट पाहिली. मला वाटत होतं, आज दहा मिळणार. इतकं चांगलं मी आधी कधी बोलले नव्हते."

खाली इस्त्रीचा ठोका पडत होता. लेकीच्या वहीत सगळं उतरलं होतं, स्वल्पविरामासकट. साक्ष पुरी झाली होती. आता उठायचं, चौकीत जायचं, नाव सांगायचं, एवढंच उरलं होतं.

सायलेन्सरनं सही कुठे करू विचारलं. सही करून झाल्यावर तिनं खोलीची किल्ली पुढे केली आणि जाताना खाली द्याल का, म्हणाली. घरमालकीण संध्याकाळी न्यायला येईल. तिचा चेहरा अगदी निवलेला होता, मोठं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचा असतो तसा. उद्याच्या चौकशीबद्दल ती काहीच बोलली नाही. उद्याबद्दलच ती काही बोलली नव्हती.

लेकीनं किल्ली घेतली. दारापर्यंत आली. खोलीत काय काय नाही, ते तिला दिसत होतं. पंखा, मांजर, कुंडीतलं रोप. ऐकायला आणि पाहायला ती पक्की होती. या बाईनं घंटा दाबली नाही. आपणही दाबली नाही, आणि आपल्याला तर चाचणी आहे असं वाटण्याचंही निमित्त नव्हतं. हा राग नक्की कुणाचा, हे तिला त्या उंबऱ्यावर कळेना. जिना समोर होता. उतरलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं.

ती मागे फिरली. वही पलंगावर ठेवली आणि सायलेन्सरच्या समोर, जमिनीवर बसली. तोंड उघडलं तेव्हा आधी नुसती हवा बाहेर आली. आयुष्यात तिनं फक्त दुसऱ्यांचे शब्द लिहिले होते.

"काय म्हणालात?" सायलेन्सरनं विचारलं.

मग तिनं ते मोठ्यानं म्हटलं, खाली लाँड्रीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"तू जीव द्यायचा विचार करतेयस का?"